रूथबाई आणि आमची खोटी हजेरी

संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. त्यासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. विषय त्यांनीच ठरवून दिला, ‘आपल्या बालवाडीत आलेल्या परदेशी ताई’. दोन पानं, भाषा गोड, आठवणी हृद्य असाव्यात अशी विनंती आहे. सोबत एक फोटो पाठवलाय. फोटोत रूथ जमिनीवर बसली आहे, दोन मुलं तिच्या अंगाला रेलून उभी आहेत आणि खाली त्या मुलांची नावं टाइप करून तयार ठेवली आहेत. दोन्ही नावं खोटी आहेत. ती मी ठेवलेली आहेत.

तेव्हा लेख गोड होणार नाही. नाही छापला तरी चालेल.

रूथ आयर्लंडची. वय बावीस. तिकडच्या एका कॉलेजात लहान मुलांची शिक्षिका व्हायचं शिकत होती आणि शेवटच्या वर्षी तिला तीन महिने परदेशातल्या एखाद्या बालवाडीत बिनपगारी काम करायचं होतं. तिचं पास-नापास त्यावर ठरणार होतं. मी तेव्हा अडतीस वर्षांचा, संस्थेचा समन्वयक. समन्वयक म्हणजे जीपमधून हिंडणारा, इंग्रजी बोलणारा आणि साहेबांना हो म्हणणारा माणूस. बीडच्या स्टँडवर तिला उतरवून घ्यायला मीच गेलो होतो. हाडापेराने मोठी पोरगी, केस आखूड कापलेले आणि हात लाल, खरबरीत. असे हात मी आमच्या बायकांचे पाहिले होते, गोऱ्या माणसाचे पाहिले नव्हते. विचारलं तर म्हणाली, बापाचा गोठा आहे, शाळेत जायच्या आधी धारा काढायची माझी पाळी असायची.

पाटोद्यात संस्थेची पाहुण्यांची खोली होती. तिथे ती दोनच दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी बोचकं घेऊन, बालवाडी होती त्या वस्तीवर, चंद्रकलाबाईंच्या घरी राहायला गेली. चंद्रकलाबाई म्हणजे आमच्या बालवाडीच्या शिक्षिका. सातवी शिकलेल्या, विधवा, जिभेला धार असलेल्या. त्यांची म्हैस परक्या माणसाला जवळ येऊ देत नसे. रूथने दोन दिवस नुसतं तिच्या कुशीला कपाळ टेकून उभं राहायचं काम केलं, आणि मग एका सकाळी चरवी भरून घरात आणून ठेवली. चंद्रकलाबाई मला म्हणाल्या, “सर, ह्या पोरीला म्हशीनं ठेवून घेतलंय. आता तुमी कोन बोलनार?”

तिच्या सवयी लिहायच्या तर पहिली ही, की मुलाशी बोलायचं असलं की ती गुडघ्यावर यायची. उभ्याने ती कधी कुठल्या मुलाशी बोलली नाही. होती तेवढ्या दिवसांत तिच्या सलवारीच्या दोन्ही गुडघ्यांना भोकं पडली, चंद्रकलाबाईंनी ठिगळं लावली, त्या ठिगळांनाही भोकं पडली. दुसरी सवय, रोज सकाळी प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून हात हातात घेणं. नाव घेतल्याशिवाय मूल आत यायचं नाही. नावं तिने दोन दिवसांत पाठ केली. तिसरी, रागावली की ती पाट्या धुवायची. हौदावर बसून एकेक पाटी घासायची. पाट्या फार स्वच्छ दिसल्या की आम्ही समजायचो, आज बाईंचं काहीतरी बिनसलंय.

मराठी ती मुलांकडून शिकली. त्यामुळे तिला शुद्ध मराठी कधी आलीच नाही. तिचा पहिला शब्द होता ‘कावून’, म्हणजे ‘का’. कुणी काहीही सांगितलं की तिचं कावून यायचं. मुलं रांगेत कावून? खाऊ साहेब आल्यावरच कावून? गोरी बाई आमच्यासारखं बोलते म्हणून लोक हसत. मीही हसायचो. आपण ज्याला हसतो आहोत त्याचं उत्तर आपल्याकडे नाही, हे हसताना कळत नाही.

एकदा साहेब फोटोग्राफर घेऊन आले. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, तालुक्याच्या राजकारणातलं मोठं नाव. ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. फोटो असा हवा होता की रूथच्या मांडीवर एक मूल आणि बाजूला साहेब. रूथ त्या मुलासमोर गुडघ्यावर बसली आणि तिने त्याला विचारलं, फोटो काढू का? मूल म्हणालं, न्हाई. रूथ उठून साहेबांना म्हणाली, “तो नको म्हनतो.” साहेबांनी हसून दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तिने दुसऱ्याला विचारलं. तेही नाही म्हणालं. असं करत तिने सहा जणांना विचारलं, दोघं हो म्हणाले. हातात कॅमेरा धरून फोटोग्राफर उन्हात उभा. परत जाताना जीपमध्ये साहेब म्हणाले, “लेकरांना इचारून फोटो काढायचा म्हंजे उद्या लेकरं मतदान करतेल का बे?” जीपभर हशा झाला. स्मरणिकेसाठी आलेला फोटो त्याच दिवसाचा. हो म्हणणारी ती दोन मुलं.

आता खरं काय होतं ते.

आमची बालवाडी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी होती. निदान कागदावर. पावसाळ्यात मुलं वस्तीवर असायची, तेव्हा त्यांची नावं लिहून, यादी करून आम्ही परदेशातल्या कॉलेजांना पाठवायचो. दिवाळी झाली की टोळ्या ऊस तोडायला जात आणि आईबाप लहान लेकरांना बरोबर घेऊन जात. वस्तीवर राहायची म्हातारी माणसं. परदेशी मुली यायच्या त्या नेमक्या थंडीत, कारण त्यांच्या कॉलेजाला ते महिने सोयीचे आणि आमचं ऊन त्यांना सोसत नाही. म्हणजे ज्या मुलांसाठी त्या यायच्या ती मुलं नसायचीच. पहिल्या वर्षी ही अडचण मी साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, “मुलं न्हाईत तर मुलं आना. गावात लेकरांचा काय दुष्काळ पडलाय का बे?”

आम्ही आणली. मोठ्या गावातली, दुकानदारांची, नोकरदारांची, चांगल्या कपड्यांतली मुलं रोज जीपमधून वस्तीवर यायची. पाहुण्यांना सांगायचो, आजूबाजूच्या वस्त्यांवरून आणतो. पण यादी तर आधीच गेलेली. म्हणून त्या मुलांना यादीतली नावं द्यायची. हे काम माझं. आठवडाभर मी एकेकाला समोर उभं करायचो, तुझं नाव काय म्हणून विचारायचो आणि यादीतलं नाव सांगितलं की लिमलेटची गोळी द्यायचो. चार वर्षांचं मूल फार लवकर शिकतं. चंद्रकलाबाई खाली मान घालून तांदूळ निवडायच्या. एकदाच म्हणाल्या, “सर, बारसं आईबाप करतेत. तुमी दरसाल कोनाचं करताव?”

रूथच्या आधी दोन वर्षं दोन मुली येऊन गेल्या. त्यांनी मुलांबरोबर नाच केला, मेंदी काढली, रडत निरोप घेतला. काही झालं नाही.

रूथला तिच्या परीक्षेसाठी एका मुलाचा अभ्यास लिहायचा होता. ते मूल कसं बोलतं, कसं खेळतं, त्याचं घर कसं आहे, घरात कोण आहे. तिने राधा निवडली. ही राधा म्हणजे खरं तर गावातल्या किराणा दुकानदाराची गौरी. साडेचार वर्षांची, गोड गळ्याची. खरी राधा तेव्हा तेलगावच्या बाजूला, उसाच्या फडावर होती. रूथने गौरीवर वहीभर लिहिलं. भाकरीचा पापुद्रा काढून ठेवते, मोठ्या आवाजाला दचकते, खोटं बोलताना ओठ चावते. हे शेवटचं तिने स्वतः मला वाचून दाखवलं होतं, कौतुकाने. मी मान डोलावली.

राहिलं राधाचं घर. महिनाभर मी टोलवत राहिलो. त्यांच्याकडे सुतक आहे, बाप बाजाराला गेलाय, आजारी माणूस आहे. दर वेळी कावून. शेवटी एका रविवारी ती कुणाला न सांगता यादीतला पत्ता विचारत विचारत शेजारच्या वस्तीच्या टोकाच्या घरी पोहोचली. तिथे राधाचा आजा होता, दगडूबाबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रूथने आपल्या लहान मुलाच्या मराठीत त्याला सांगितलं, राधा लई हुशार, रोज शाळा येते, गानं म्हनते. घरात दुसरं कुणी का नाही, हे तिला त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातून कळलं नाही. म्हाताऱ्याला मात्र एवढंच कळलं की पोरगा-सून फडावरून परत आलेत, नात शाळेत जाते आणि आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत बालवाडीत आला. धोतराच्या सोग्यात बोरं बांधलेली. मी तिथे होतो. रूथला आनंद झाला. ती हाताला धरून त्याला आत घेऊन आली आणि हाक मारली, राधा! गौरी उठली. तिला शिकवलं होतं तसं दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली.

“मी राधा,” ती म्हणाली.

म्हातारा खाली बसला. आवाज ऐकूनच त्याला शंका आली असावी. मग त्याने हात पुढे करून तिचं तोंड चाचपलं, कान चाचपले, वेणी चाचपली. गौरी हलली नाही. तिने पुन्हा सांगितलं, मी राधा. तिला वाटलं असेल, आता गोळी मिळेल.

“ही न्हाई,” म्हातारा म्हणाला. “ही आमची न्हाई, बाई.”

गौरी रडू लागली. रडत रडत तिसऱ्यांदा म्हणाली, मी राधा. दगडूबाबाने सोगा सोडला आणि सगळी बोरं तिच्या ओच्यात घातली. खा बाळा, तुजा काय गुन्हा, म्हणाला. मग काठी शोधून उठला आणि गेला. मला तो काही बोलला नाही. मी भिंतीला लागून उभा आहे हे त्याला दिसलं नसावं. पुढे कितीतरी दिवस मी या एका गोष्टीचा आधार घेत होतो, की त्याला मी दिसलो नाही.

रूथ मला म्हणाली, “कावून, सर?”

मी इंग्रजीत समजावून सांगायला लागलो. स्थलांतर, परिस्थिती, संस्थेच्या अडचणी. चांगलं इंग्रजी होतं ते. तिने ऐकून घेतलं आणि मध्येच पाठ फिरवून मुलांकडे गेली. गुडघ्यावर बसून तिने एकेकाला त्याचं खरं नाव विचारलं. मुलं आधी माझ्याकडे बघत. परवानगी आहे का म्हणून. त्या दिवशी मी हे पाहिलं, एवढी एवढी लेकरं स्वतःचं नाव सांगायला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने वहीतलं एकेक नाव खोडून नवीन लिहिलं. दुपारपर्यंत चाललं ते. त्या दिवशी तिने पाट्या धुतल्या नाहीत.

मग तिने सरळ मागणी केली की उरलेले दिवस बालवाडी फडावर न्यायची, जिथे मुलं आहेत तिथे. साहेब गोड बोलले. तिकडे साप आहेत, टोळ्यांतली माणसं कशीही असतात, पाहुणीची जबाबदारी आमच्यावर आहे. चार दिवसांनी रूथ आणि चंद्रकलाबाई एसटीने तेलगावकडे निघून गेल्या. चंद्रकलाबाईंची नणंद त्या टोळीत होती, तिच्या कोपीशेजारी, म्हणजे झोपडीशेजारी, दोघींनी मुक्काम ठोकला. मला मागे चंद्रकलाबाईंचा निरोप आला तो असा. “सरांना सांगा, हजेरी घ्यायची आसंल तर हिकडं या.”

तिथलं मला चंद्रकलाबाईंकडून नंतर कळलं. पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पानांच्या कोप्या, उजाडायच्या आत बायाबापे फडात गेलेले, मोठी पोरं धाकट्यांना काखेत घेऊन बसलेली. मुकादमाने आधी हटकलं, मग रूथने त्याच्या बैलाच्या खुरातला काटा काढून दिल्यावर गप्प झाला. पाचट अंथरून शाळा सुरू झाली. खरी राधा तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने रूथला दगड मारला, कपाळाला खोक पडली. रूथ खूष. वहीत लिहून ठेवलं, आज राधाने माझी पहिल्यांदा दखल घेतली. आठवड्याभरात ती पोरगी तिच्या मागे मागे हिंडत होती.

इकडे साहेबांनी मला बोलावलं. परदेशी मुलगी फडावर बसलीय हे कुणीतरी त्यांच्या विरोधकांच्या कानावर घातलं होतं, आता बालवाडीत कोण बसतं हेही बाहेर येणार होतं. साहेब म्हणाले, “सर, तुमचं इंग्रजी फाकडं हाय. तिच्या कॉलेजला लिवा. पोरगी परत गेली पायजे.”

मी लिहिलं. विनापरवाना कामाची जागा सोडली, स्वतःचा जीव धोक्यात घातला, स्थानिक रीतीरिवाजांचा मान ठेवला नाही. इतकं साहेबांचं. शेवटी आणखी एक वाक्य आहे, की ही विद्यार्थिनी लहान मुलांबरोबर काम करण्यास अयोग्य आहे. हे वाक्य साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं आहे. मला ते सुचलं, मी लिहिलं आणि वाचून पाहिल्यावर बरंही वाटलं. तिने मला त्या मुलांसमोर उघडं केलं होतं, त्याचा सूड. आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नोकरी जाईल म्हणून लिहिलं असं मी मनाशी घोकत आलो. नोकरीसाठी पहिली तीन वाक्यं पुरली असती.

कॉलेजचं उत्तर आलं. ताबडतोब परत या, हे काम ग्राह्य धरलं जाणार नाही. तो कागद घेऊन मला जीपने फडावर पाठवण्यात आलं. रूथने उभ्याउभ्याच वाचला. कपाळावरच्या खोकेची खपली अजून पडली नव्हती.

“हे कुणी लिहिलं?” तिने इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं, साहेबांनी.

साहेबांना इंग्रजी येत नाही, ती म्हणाली. मी सांगितलं, बीडहून कुणाकडून तरी लिहून घेतलं. आणि तिचा विश्वास बसला. याचाच मला अजून संताप येतो. एवढी कावून कावून करणारी पोरगी, तिने त्या एका ठिकाणी का विचारलं नाही? उलट म्हणाली, सर, तो म्हातारा आला तेव्हा तुम्ही तिथे होता. तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही माझ्या कॉलेजला खरं लिहा, ते तुमचं ऐकतील. मी म्हणालो, लिहितो.

लिहिलं नाही. फडावरही परत गेलो नाही. वर्षभराने तिचं एक कार्ड आलं. ती बापाच्या गोठ्यात काम करत होती, शिक्षिकेचं राहून गेलं होतं. त्याबद्दल एकच ओळ, बाकी सगळं कार्ड राधाबद्दल विचारणारं. उत्तर दिलं नाही. चंद्रकलाबाईंना संस्थेने काढलं, त्या पाटोद्याच्या बाजारात भाजी विकायला बसू लागल्या. दर बाजारी विचारायच्या, सर, त्या पोरीसाटी पत्र लिवलं का? मी म्हणायचो, लिहिलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. आता नुसती भेंडी तोलून देतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात. राधा पुढे शिकली का, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी चौकशी केली नाही. बालवाडीच्या कामाबद्दल मात्र मला तालुक्यात सत्कार मिळाला. नारळ, शाल आणि साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र. शाल घरात आहे, मला ती बघवत नाही.

रूथ मला शेवटची दिसली ती त्या फडावर. जीपमध्ये ती मागे बसली, मी ड्रायव्हरशेजारी, बीडपर्यंत मी मान वळवली नाही. म्हणून दिसली ती फडावरच.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. प्रत्येक मुलाला वेगळं वेगळं गाठून सांगितलं, मी चालले, परत येणार नाही. उद्या येते असं खोटं एकालाही सांगितलं नाही. शब्द अडला की चंद्रकलाबाई पुरवत होत्या. लहान मुलांना काही कळलं नाही, ती पाचटात लोळत राहिली. राधाला कळलं.

“मंग उद्या कोन येनार?” ती म्हणाली.

रूथने चंद्रकलाबाईंकडे पाहिलं. बाई एकटीने किती दिवस टिकणार, हे दोघींना ठाऊक होतं. मग तिची नजर माझ्यावर आली.

“सर येनार,” ती राधाला म्हणाली. “सर रोज येनार.” आणि मला इंग्रजीत, विनवून, निदान होळीपर्यंत, टोळ्या घरी परततील तोवर.

राधा माझ्याकडे बघत होती. सगळे बघत होते. मी म्हणालो, हो, येईन.

रूथने लांब श्वास सोडला. तिने पिशवी खांद्याला लावली आणि ती जीपकडे चालू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मुलांची सोय लागली, असं तिला वाटलं होतं.